डिंकाच्या लाडवांचं श्रेय

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्याला तर नाहीच. आणि आत्ता सांगतेय ते तो स्वयंपाकघरात लाडू वळत असताना. गुणगुणतोय. खूश आहे माणूस.

कुठून सुरू करू? लाडवांपासूनच करते. आमची मिहिका व्हायच्या आधी अजितने वर्षभर डिंकाचे लाडू खाल्ले. सासूबाई साताऱ्याहून येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर डबे पाठवायच्या. त्याने बिर्याणी सोडली, घट्ट जीन्स सोडल्या, लॅपटॉप मांडीवर घेणं सोडलं. दुबईत, करामातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तो सैल लेंगा घालून नारळपाणी पीत बसायचा, आणि मी — मी हसू दाबत भाजी चिरायचे. हसू? हो, हसूच. लाज फार नंतर आली.

त्याआधी सासूबाई व्हिडिओ कॉलवर फक्त माझ्याकडे बघायच्या. "हिला दाखवलंस का कुणाला?" शेवटी दोघांच्याही तपासण्या झाल्या. अजित दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या फॅक्टरीत अडकला होता, म्हणून रिपोर्ट घ्यायला मी एकटीच गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्याचं शुक्राणूंचं प्रमाण जरासं कमी आहे, पण अडचण ती नाही. अडचण माझ्या गर्भाशयात होती — जन्मापासून मधोमध एक पडदा. त्यामुळे गर्भ नीट रुजत नसावा. दुर्बिणीतून काढता येतो, म्हणाल्या.

संध्याकाळी अजितने विचारलं, तेव्हा मी काय सांगितलं? "तुझं जरा कमी आहे म्हणाल्या." एवढंच. त्याचा चेहरा उतरला, तरी उरलेलं मी गिळलं. भीती होती का? थोडी. पण खरं सांगू — मजा आली. त्या रात्री त्याने आईला सांगितलं, तेव्हा व्हिडिओ कॉलवर सासूबाई पहिल्यांदाच मला सोडून लेकाला झापत होत्या, आणि तो कॉल संपूच नये असं मला वाटत होतं.

सुट्टीत पुण्याला माहेरी गेले, तेव्हा पडदा काढून घेतला. आईलासुद्धा पाळीचा त्रास म्हणूनच सांगितलं. पुढे काही महिन्यांत दिवस राहिले. अजितने फॅक्टरीभर पेढे वाटले आणि तेव्हापासून तो लाडवांचा प्रचारक झाला. मीही प्रत्येक पार्टीत त्याच्याबरोबर हसले.

मग काल समीर आला. रत्नागिरीचा, अजितच्याच फॅक्टरीत आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही; त्याचंही प्रमाण कमी निघालेलं, आणि आता बायकोची तपासणी ठरली होती. त्याची बायको शबाना मिहिकाची वेणी घालत होती. अजितने समीरच्या खांद्यावर हात टाकला.

"अरे, माझंपण कमी होतं. टेस्ट-बिस्ट खलास, बंद कर सगळं. वहिनींना कशाला फिरवतोस? लाडू खा, इन्शाल्ला काम होईल."

समीर म्हणाला, "मग उद्याच्याला हिची अपॉइंटमेंट कॅन्सलच करतो, अजितभाई."

शबानाचे हात वेणीतच थांबले. मी चहा ओतत होते, तो बशीत सांडला. बशी पुसली आणि कप पुढे केला.

माझंपण कमी होतं — किती सहज म्हणाला तो. इतकी वर्षं दोष आपलाच मानून, वर त्याचा विनोद करून जगला. आणि मी त्याला जगू दिलं.

लाडू त्यांच्यासाठीच चाललेत. मिहिका ओट्यापाशी उभी राहून विचारतेय, "बाबा, इज धिस फॉर शबाना आंटी?"

"येस बेटा. मॅजिक लाडू."

आता उठते. आत जाऊन सांगते — अजित, अडचण तुझी नव्हती. माझ्यात पडदा होता. मला त्याच दिवशी कळलं होतं.