आत्या, बेकरीवाले आणि पांढऱ्या पट्टीचा दगड

आमची आत्या चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावरचे दगड चाटते. हो, चाटते. ओला झाल्याशिवाय दगडाचा खरा रंग कळत नाही आणि दर वेळी पाण्यापर्यंत चालत जायचा तिला कंटाळा. आमच्या घरात रिकामी खुर्ची सापडणं कठीण. प्रत्येकीवर कुणीतरी काळं-पिवळं आधीच बसलेलं असतं.

त्यामुळे कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांनी तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा बाबा आनंदाने ताडकन उठले. बेकरीवाल्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, माणूस हसरा आणि सरळ. आत्या म्हणाली, "रविवारी किनाऱ्यावर या, तिथं सांगते."

तिला माणूस आवडलाय हे आम्हाला कळून चुकलं होतं. ती रोज बेकरीतून इतका पाव आणत होती की आमच्या तोंडाची चव गेली होती. भीती होती ती तिच्या जिभेची. मागे एका स्थळाच्या अंगठीतला खडा काचेचा आहे, हे तिने भर चहात सांगून टाकलं होतं. ते स्थळ कप अर्धा ठेवून गेलं. म्हणून आईने मला सोबत धाडलं. "तिला तोंड आवरायला लाव," एवढंच माझं काम.

किनाऱ्याची एक बाजू पिवळट खडकाची, नखाने उकरला तरी भुगा पडेल असा. दुसरी बाजू काळी कुळकुळीत, हातोडीलाही दाद न देणारी. दोन्ही भेटतात तिथे पिवळ्या खडकाची वीतभर कड लालसर आणि टणक झालेली आहे. आत्याने ती आम्हाला किती वेळा दाखवली असेल! आम्ही "वा" म्हणतो आणि खाऊचा डबा उघडतो.

बेकरीवाल्यांनी कडेवरून बोट फिरवलं. "हे भाजलंय की!"

आत्या थबकली. "कशानं?"

"या काळ्यानं. हा तापलेला असताना इथं घुसला असणार. याला चिकटलेलं कडक झालं, लांबचं कच्चं राहिलं."

"वितळलेला होता हा," आत्या म्हणाली, "फटीतून वर आला." तिचा आवाज चक्क कापला. मी तर मनातल्या मनात लग्नाचे कपडे शिवायला टाकले.

पण बेकरीवाल्यांना हुरूप आला. त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. "तुमच्यासाठी. सकाळपासून शोधत होतो. लाल दगड, आणि मधून पांढरी पट्टी! असा इथं दुसरा नाही."

आत्याने तो गुळगुळीत गोळा चाटला, भिंगाखाली धरला. मी तिच्या पायावर पाय दिला. तिने भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. बिचारी खोटं बोलायचा प्रयत्न करत होती आणि ते तिला जमत नव्हतं.

"ही वीट आहे," ती शेवटी म्हणाली. "पट्टी सिमेंटची. समुद्रानं घासून गोल केलीय."

झालं! आता घरी जाऊन आईला काय सांगू?

"वीट?" बेकरीवाले ओरडले. "अहो, माझी अख्खी भट्टी विटांची आहे! उभा जन्म तिच्यासमोर काढला मी!" ते खडकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग हसू ओसरलं, चेहरा पडला. "जाऊ द्या, शोभा झाली," म्हणत त्यांनी वीट तिच्याकडून घेतली आणि समुद्रात भिरकावायला हात उचलला.

आत्याने तो हात वरच्या वर धरला.

"टाकायची नाही. माझी आहे ती."

"अहो, पण वीट..."

"असू दे वीट. माझ्या घरातला एकूण एक दगड मीच वाकून उचललाय. मला कुणी आणून दिलेला एकही नाही."

बेकरीवाल्यांनी उचललेला हात खाली घेतला, पण आत्याने तो सोडला नाही. मी एकटीच घरी आले आणि आईला म्हटलं, जमलं.