मी सरळ केलेला नांगर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कोणी फिस्सकन हसलं तर हातातला चहा काढून घेईन, सांगून ठेवते. ही माझ्याच मूर्खपणाची गोष्ट आहे आणि मी ती रागारागानेच सांगणार. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की कानशिलं तापतात!

सायखेड्यात आमची लोहाराची भट्टी. आमचे हे सांडशीत लोखंड धरणार आणि मी घण मारणार. बाई घण मारते म्हणून डोळे काय मोठे करताय? लोहाराच्या घरात बायकाच घण मारतात. पुरुष नुसता बसून दाखवतो, इथं मार, तिथं मार.

तेव्हा भट्टीचे दिवस फिरले होते. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, सगळं पिंपळगावच्या दुकानांत तयार मिळायला लागलं. बैलगाड्यांना रबरी टायर आले. येणारा-जाणारा शहाणपणा शिकवायचा, "आता बंद करा की हे धुराडं." एकेकाला सांडशीत धरून भट्टीत घालावं असं वाटायचं.

अशात एक दिवस नाशिकच्या गंगापूर रोडवरचे एक साहेब दारात हजर. सगळा जन्म बोटीवर काढून निवृत्त झालेले. कोकणात एका जुन्या किल्ल्यापाशी छोटं संग्रहालय होणार होतं आणि तिथे त्यांना जुन्या गलबताचा नांगर ठेवायचा होता. जहाज समुद्रात एका जागी धरून ठेवतो तो नांगर हं, शेतातला नव्हे. अस्सल कुठे मिळेना, म्हणून तसाच नवा घडवायचा, पण जुन्या रीतीने. विजेचं वेल्डिंग चालणार नाही, विजेचा पंखा चालणार नाही. कोळसा, चामड्याचा भाता आणि घण, बस्स.

"खाली पाटी लावू," साहेब म्हणाले, "सायखेड्याच्या भट्टीत घडवलेला नांगर, अशी. पण आधी नदीत टाकून बघणार. होडी धरून ठेवली तरच घेणार. नाहीतर मुंबईहून कारखान्यातला आणीन."

"कारखान्यातला?" मी घण खाली ठेवला. "साहेब, तुमच्या कारखान्याच्या बापाला असला नांगर जमणार नाय!"

आमचे हे मागून माझा पदर ओढत होते. ओढू द्या. त्या पाटीवर आमच्या भट्टीचं नाव आलं असतं तर त्या 'धुराडं बंद करा'वाल्या प्रत्येकाला मी कोकणात नेऊन वाचायला लावणार होते.

महिनाभर राबलो. टाकून दिलेल्या बैलगाडीच्या धावा गोळा केल्या. धाव म्हणजे लाकडी चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टी. त्यांची जुडी बांधायची, पांढरी फटक होऊन ठिणग्या उडेपर्यंत तापवायची, वर वाळू टाकायची आणि ठोकून ठोकून एकजीव करायची. माझे खांदे असे सुजले की वेणी घालता येईना. पण दांडा झाला, माणसाच्या छातीएवढा उंच. खाली दोन वाकडे हात झाले, हातांच्या टोकांना रुंद पंजे झाले. राहिला तो डोक्याशी बसवायचा लाकडी वासा. ते काम सुताराचं.

आमच्या गावचा सुतार दगडूभाऊ. नाव शोभतं हो त्याला! माणूस बोलतच नाही. मी दहा वाक्यं बोलावी तेव्हा तो एकदा कानावरची पेन्सिल काढणार आणि परत ठेवणार. मला असल्या माणसांचा फार संताप येतो. अहो, भांडायचं तर समोरच्याने काहीतरी बोलायला नको का?

त्याने बाभळीच्या दोन फळ्या तासल्या, दोन्ही बाजूंनी दांड्याला मिठी मारल्यासारख्या बसवल्या आणि आम्हाला हाक मारली. आता आमचं काम म्हणजे वाशावर लोखंडी कडी चढवायची. चाकावर धाव चढवतात तसंच. कडं लालबुंद करून लाकडावर घालायचं आणि वर पाणी ओतायचं. लोखंड आवळतं. एकदा आवळलं की तोडल्याशिवाय निघत नाही.

मी जाऊन बघते तर काय! नांगर जमिनीवर कलंडलेला. वासा पूर्व-पश्चिम आणि हात त्याला आडवे. एक पंजा मातीत टेकलेला, दुसरा आभाळाकडे, मेलेल्या कोंबडीच्या तंगडीसारखा! हात लावला तर सगळं डुगडुगायला लागलं.

आता आमच्या सासऱ्यांचा नियम होता. भट्टीतून बाहेर पडणारी वस्तू, तवा असो, कढई असो, फरशीवर ठेवून बघायची. सपाट बसली तर गिऱ्हाइकाला. डुगडुगली तर परत विस्तवात. वीस वर्षं मी हेच बघत आले. मग माझं टाळकं फिरणार नाही?

"दगडूभाऊ, हे काय केलं?"

"काय झालं वहिनी?"

"काय झालं? एक पाय वर, एक पाय खाली! वासा चुकीचा फिरवला तुम्ही. हाताच्या रेषेत घ्या, म्हणजे सरळ बसंल."

दगडूभाऊने पेन्सिल काढली, परत ठेवली. "कागदात असंच हाय."

साहेबांनी नकाशा दिला होता. मी तो हिसकावून घेतला. त्यावर दोन चित्रं. एकात हात दिसतात, तर वाशाच्या जागी नुसता चौकोन. दुसऱ्यात वासा दिसतो, तर हात गायब! मी चौथी शिकलेली आहे, पण एवढं कळतं की ज्याला एका चित्रात एक नांगर धड काढता येत नाही, त्याच्या कागदावर काय भरवसा ठेवायचा?

"साहेबांना इचारू," दगडूभाऊ म्हणाला.

"साहेब कोकणात गेलेत आठ दिवस. ते येईस्तोवर काय कडी हातात धरून बसू? अहो, तुम्ही सांगा ना याला!"

आमच्या ह्यांनी आधी दगडूभाऊकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या घणाकडे. म्हणाले, "ही म्हणते तर फिरव बाबा."

याला म्हणतात नवरा!

वासा पाव फेरा फिरवला. लाल कडी चढवली, मी स्वतः घागरीने पाणी ओतलं. लोखंड चर्र करून असं आवळलं, वा! नांगर जमिनीवर ठेवला, तर पाटावर बसलेल्या जावयासारखा. दोन्ही पंजे टेकलेले, जरा म्हणून हलत नाही. मी दगडूभाऊला म्हटलं, "बघा! याला म्हणतात काम." तो बिचारा पेन्सिल शोधत बसला.

साहेब आले ते थेट नदीवरच. आम्ही नांगर आधीच होडीत चढवून वर गोणपाट टाकलं होतं. ती माझीच अक्कल. म्हटलं, उघडून दाखवू तेव्हा साहेबांचे डोळे दिपले पाहिजेत! पण होडीवाल्याने घाई केली, साहेबांनी कोकणातल्या गप्पा काढल्या आणि गोणपाटासकट नांगर कधी पाण्यात गेला ते कळलंच नाही. सगळं गाव काठावर. मला पोहता येत नाही, तरी मी होडीत. माझा नांगर होता ना!

"आता बघा हं," साहेब म्हणाले. "दोर ताणला की पंजा तळात रुतेल आणि होडी जागच्या जागी थांबेल."

दोर ताणला. मी छाती पुढे काढली.

होडी चालली होती.

"थांबेल," साहेब म्हणाले.

काठावरचं वडाचं झाड मागे गेलं. धुणं धुणाऱ्या बायका मागे गेल्या. "कुठं निघालात वो?" एकीने विचारलंसुद्धा! मी ओरडले, "थांबतोय, थांबतोय!" कसला थांबतोय? दोराला बांधलेलं वासरू गाईमागे यावं तसा तो नांगर तळातून गुपचूप आमच्या मागे येत होता. पूल जवळ आला. मी होडीवाल्याचा सदरा धरला, आमच्या ह्यांनी माझा पदर धरला, आणि मग होडी गचकन थांबली. पाण्यावर माजलेल्या पानवेलीत! हिरव्यागार पानवेलीने जे केलं ते आमच्या महिनाभराच्या घणाला जमलं नव्हतं.

नांगर वर ओढला. साहेबांनी गोणपाट काढलं, बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "हा वासा कोणी असा बसवला?"

आणि इथे माझी जीभ माझ्या आधी धावली. "सुताराने!" मी काठावर बोट दाखवलं. "त्या दगडूभाऊने! मी तेव्हाच म्हणत होते, ह्या माणसाला काम येत नाय!"

दगडूभाऊने पेन्सिल काढली. परत ठेवली.

"ताई," साहेब म्हणाले, "वासा हातांना आडवाच पाहिजे. तो तळाला आडवा पडतो, म्हणून एक पंजा खाली वळतो आणि मातीत घुसतो. दोन्ही एका रेषेत घेतले तर नांगर नुसता झोपतो. शेतात फळी फिरवतात तशी तुम्ही गोदावरी सपाट करत आणली!"

गाव खदाखदा हसलं. आमचे हे पाण्याकडे बघत राहिले. आणि मी? मला राग आला, पण या खेपेला कोणावर काढू? सगळ्या बाजूंनी मीच उभी होते.

साहेबांनी आठ दिवस दिले. कडी तोडली, वासा फुटला. आता नवा वासा दगडूभाऊशिवाय कोण करणार? गेले त्याच्या दारात. घण मारणारी बाई माफी मागताना कशी दिसते ते विचारू नका.

"चुकले भाऊ. सगळ्या गावासमोर खोटं बोलले."

तो उठला, पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला. "वासा करतो वहिनी. पण नांगर नदीतून पास होऊन बाहेर निघंस्तोवर, तुम्ही नांगराजवळ आल्या की तोंडात पाण्याचा घोट धरायचा. गिळायचा नाय, थुंकायचा नाय."

जन्मात पहिल्यांदा इतकं लांब बोलला, आणि बोलला ते हे!

पण पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती. धरला घोट. आठ दिवस गाल फुगवून घण मारला. दगडूभाऊने वासा आडवा बसवला, एक पंजा परत आभाळात गेला, माझे डोळे बाहेर आले, पण शब्द नाही.

परत नदी, परत होडी, परत सगळं गाव. नांगर टाकला. दोर ताणला आणि होडी अशी जागच्या जागी थबकली की साहेब धडपडून आमच्या ह्यांच्या मांडीवर बसले. "पास!" साहेब ओरडले. "पाटी लागणार! अहो, पण या खेपेला वेगळं काय केलंत?"

आमचे हे, जन्मभर गप्प बसलेला माणूस, काठावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय नाय साहेब. लोखंड तेच, माणसं तीच. फक्त हिच्या तोंडात पाणी हाय."

असा संताप आला म्हणून सांगू! वीस वर्षांच्या संसाराचा हिशेब जिभेच्या टोकावर आला. पण अट होती नांगर पाण्याबाहेर निघेपर्यंत, आणि तो मेला तळात असा रुतला होता की चार माणसं अर्धा तास ओढत होती तरी निघेना!