अख्खा मासा

माझा मामा आठवडाभर चष्मे बनवायचा आणि रविवारी मासे सोडायचा. पकडायचा असं म्हणत नाही, कारण पकडणं हे त्याच्या लेखी अर्धंच काम. नदीच्या डोहात मांडीएवढे मासे होते, आणि त्यातला एखादा गळाला लागला की मामाचाच जीव टांगणीला लागे. गळाचा उलटा काटा तो आधीच चिमट्याने दाबून सपाट करी. मासा रबरी जाळीत, पाण्यातच ठेवी. हात ओले केल्याशिवाय त्याला शिवत नसे. मग एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या मुळाशी आणि माशाचं तोंड येत्या पाण्याकडे. ‘‘आपण ढकलायचं नाही, तो निघाला की जाऊ द्यायचं,’’ असं नवख्यांना बजावी. कुणी फोटोसाठी मासा जबड्याला धरून उभा लटकवला, तर मामाचं डोकंच फिरायचं. ‘‘त्याचं वजन पाणी पेलतं रे, गाढवा! आतून फाटेल तो!’’

मामीला हा सगळा खुळेपणा वाटायचा. ‘‘आले हात हलवत!’’ असं ती दारातच म्हणे. ‘‘धरून सोडायचाच असतो, तर घरी बसा की. तोही सुटेल आणि मीही.’’ मामा हसायचा, पण त्याला ते लागायचं. तिने एकदा येऊन बघावं, एवढीच त्याची हौस होती. अख्ख्या संसारात त्याने तिच्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला तरी माहीत नाही.

एका उन्हाळ्यात ती अचानक तयार झाली. पाणी इतकं कोमट झालं होतं की बाकीचे गळवाले घरीच बसले होते, कारण अशा पाण्यात दमलेला मासा सावरत नाही. हे त्यांना मामानेच शिकवलेलं. पण बायको हो म्हणाली होती, आणि पुन्हा म्हणेल याचा काय भरवसा! गाडी मी चालवत होते. शेजारी मामा आरशात बघून सारखा भांग सारखा करत होता.

मासा लागला, आणि काय लागला! तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बारीक; त्यामुळे ओढून घ्यायची सोय नव्हती. खेळवता खेळवता मामा घामाघूम झाला. शेवटी मासा जाळीत आला, तेव्हा मामी काठावर चपला हातात घेऊन टाचा उंचावत होती.

‘‘अहो, अख्खा दिसत नाही!’’

मामाने जबड्याला धरून तो उभा उचलला. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. मामी मात्र टाळ्या पिटत होती. ‘‘थांबा ना, अजून थोडं!’’ मामा थांबला.

पाण्यात ठेवल्यावर मासा कुशीवर कलंडला. मामा छातीभर पाण्यात त्याला सरळ धरून उभा राहिला. कल्ले थोडे हलले, मग तेही थांबले. ‘‘आता जाईल ना?’’ मामी विचारत राहिली. ऊन उतरल्यावर मामाने हात काढून घेतले, तेव्हा मासा पोट वर करून तरंगला.

परतताना मामीने मागच्या सीटवरून हळूच विचारलं, ‘‘माझ्यामुळे मेला का हो?’’ मामा खिडकीबाहेर बघत राहिला. तिने पुन्हा विचारलं नाही. नदीवर पुन्हा आली नाही, आणि रविवारी दारात चिडवणंही तिने बंद केलं. मामाच्या हातातला डबा मुकाट्याने घ्यायची आणि आत जायची. मला मामाचा भयंकर राग आला होता.

मामी गेल्यावर एकदा मी तो राग काढलाच. ‘‘त्या दिवशी गाडीत मामीला ‘नाही’ म्हणायला तोंड दुखत होतं का तुझं?’’

मामा गोंधळून माझ्याकडे बघू लागला. ‘‘तिने काही विचारलं होतं? मी तंगुसाचा विचार करत होतो गं. जाड लावला असता तर मासा लवकर आला असता, एवढा दमला नसता. आणि उचलला तर मीच. तिचा काय दोष? हे तिला ठाऊकच असणार.’’

शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात मामीने माझा हात धरून विचारलं होतं, ‘‘त्या माशाचं यांनी मनातून काढलं असेल का गं?’’ मी परोपरीने सांगितलं. तिला पटलं नाही. तिला ते मामाच्या तोंडून हवं होतं.

‘‘असणार ना?’’ मामाने पुन्हा विचारलं.

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘ठाऊक होतं तिला.’’