मोजलेलं गवत

“लिवलं का, बाई?”

माझी पेन्सिल कागदाला टेकायच्या आधीच हा प्रश्न यायचा. उकिडवं बसून, मान वाकडी करून मामा माझ्या वहीत बघायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी बघायचे.

मुलांनो, ही सत्तरनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. वनस्पतिशास्त्र शिकून मी नगरला नोकरीला लागले होते. पाथर्डीकडच्या एका उजाड माळावर बांध घालून गवत पेरलं होतं, गुरांना बंदी केली होती. किती जमीन झाकली गेली, किती जातींची रोपं आली, हे मोजायचं काम माझं. मामा तिथले राखणदार.

रीत सोपी होती. मीटरभर लांबी-रुंदीची लोखंडी चौकट न बघता पाठीमागे फेकायची आणि ती पडेल तिथलं सगळं मोजायचं. मामांना हे मुळातच पटेना. ते आधी वळून बघत, मग फेकत. चौकट खडकावर पडली की उचलून गवतात ठेवत.

“मामा, होती तिथे ठेवा.”

“तितं काय हाय? दगुड!”

“मग दगड लिहायचा.”

“दगुड मोजाया नगरवरनं आलात व्हय?”

दिवसातून दहा वेळा हेच. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी पवना, मारवेल, कुसळ अशा जाती वेगळ्या लिहायची. मामांच्या लेखी जाती दोनच, त्यांची तांबडी गाय खाते ती आणि खात नाही ती.

शेवटी कंटाळून मी पंचवीस चौकोन कायमचे ठरवले आणि त्यांच्या कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या. एकेक चौकोन संपला की “लिवलं का?” “लिहिलं.” मगच मामा उठत.

त्या साली पावसाने दगा दिला. पौषात मी पुन्हा मोजायला गेले. बघते तर माळभर वाळलेलं गवत उभं आणि माझे पंचवीस चौकोन तेवढे बुडापासून साफ! कडा पट्टीने आखल्यासारख्या. खुंट्यांबाहेरची एक काडी तुटलेली नव्हती.

“हे कुणी कापलं?”

“म्या. गाय उटंना झाली, बाई.”

“पण नेमकं हेच?”

“ह्ये तुमचं लिवून झाल्यालं हुतं ना? बाकीचं लिवायचं हाय अजून. त्येला कसा हात लावू?”

मी फार बोलले. मामा खाली बघत ऐकत राहिले. पंचवीस चौकोनांचं गवत ते किती! गायीला दोन दिवस पुरलं नसेल. बांधाआड चार भारे कापले असते तर मला पत्ताही लागला नसता.

आणि तेच चौकोन पुन्हा मोजायचे असतात, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

राखणदारानेच गवत कापलं, हे साहेबांच्या कानावर गेलं असतं तर मामांची नोकरी गेली असती. मी वही उघडली. मामा नेहमीसारखे उकिडवे बसले. आज प्रश्न उशिरा आला, आणि फार हळू.

“लिवलं का, बाई?”

मी वाचून दाखवलं, “चौकोन कापले गेले. सूचना देण्यात माझी चूक.”

मामा उठले. चौकट खांद्यावर घेऊन पुढे चालू लागले.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर गेले तेव्हा मामा नव्हते. सून बाळंतीण, म्हणून तिच्या जागी मुलाबरोबर ऊसतोडीला बेलापूरकडे गेले होते, राखणदारी सोडून. दारात सून बाळाला घेऊन बसली होती. मागे तांबडी रवंथ करत होती.

“मामंजी सांगून गेल्यात,” सून म्हणाली. “बाईला म्हनावं, औंदा कुनाचा हात लागायचा न्हाई.”

माळावर जाऊन बघितलं. पंचवीसच्या पंचवीस चौकोनांभोवती बाभळीच्या काट्यांची छातीएवढी कुंपणं! आतल्या गवतावर वाळक्या फांद्या कोसळलेल्या, गवत पिवळं पडलेलं. म्हणजे तीही मोजणी गेली. काटे उपसताना हात रक्ताळले. मामांना मी चांगलं मोठ्याने बोलून घेतलं. माळावर ऐकायला कुणी नव्हतं.

पहिला चौकोन मोकळा झाला. मी उकिडवी बसले, पेन्सिल काढली आणि कागदाला टेकवायच्या आधी, सवयीने, थांबले.