मामांची सुतळी

घरातलं काही बिघडलं की बिघडलेल्या वस्तूला हात न लावता घरातल्या माणसांची उलटतपासणी घ्यायची, या पंथाचा जगात एकच अनुयायी आहे आणि तो आमच्या शेजारी राहतो. ते माझे मामेसासरे. भोरकडल्या हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. मी तिथल्या शाळेत मास्तर, बायको याच वाडीची. पण लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी मामांच्या लेखी मी अजून ‘पाव्हणं’च आहे. मामांना गुरांच्या दुखण्यातलं चांगलं कळतं. म्हैस आटली, बैलानं वैरण सोडली, की चार वाड्यांतून त्यांना बोलावणं येतं. मामा जातात, जनावराकडे ढुंकूनही बघत नाहीत, ओट्यावर बसून चहा घेतात आणि म्हणतात, “कालपासनं कुनी काय येगळं केलं, त्ये एकेकानं सांगा.” एकदा धार देईना झालेल्या म्हशीपायी त्यांनी सात माणसांना ओळीनं बसवलं. सहा जणांनी काहीच केलेलं नव्हतं. सातव्या म्हातारबुवांनी खूप वेळानं कबूल केलं, की नातीच्या लग्नासाठी काल मिशी काढली. धार तेच काढत. “तिला वाटलं, परका मानूस कासंखाली बसलाय,” मामा म्हणाले, आणि मिशी वाढेपर्यंत तोंडाला पंचा गुंडाळून धार काढायला सांगून घरी आले. म्हैस दुसऱ्या दिवशी पान्हावली, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांचं दुसरं वेड सुतळीचं. सदऱ्याच्या खिशात सुतळीचा गुंडा कायम असतो, आणि लोंबणारी कुठलीही गोष्ट त्यांना बघवत नाही. आमच्या लेकीच्या, रेवतीच्या वेण्या तिची शाळा संपेपर्यंत मामांनीच बांधल्या, त्याही अशा घट्ट की पोरीच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असत. एकदा भोरहून येताना गाडीत शेजारी शहरातला एक तरुण झोपला होता. त्याच्या पाठपिशवीला आठ-दहा पट्टे लोंबत होते. आमचा थांबा येईपर्यंत मामांनी त्या पिशवीचं गवताच्या भाऱ्यासारखं गाठोडं करून टाकलं. जागा झाल्यावर त्या बिचाऱ्याला पाण्याची बाटलीसुद्धा काढता येईना. “लोंबत हुतं, कशात तरी आडाकलं आसतं,” असं म्हणून मामा शांतपणे उतरले. त्याच्याकडे बघायची हिंमत मला झाली नाही.

तर, रेवतीची मुलाखत होती. पुण्यातली कंपनी, दुपारी बारा वाजता, घरच्या संगणकावर. याआधीची एक मुलाखत वाटेत दरड आल्यानं हुकली होती आणि त्यानंतर पोर आठवडाभर नीट जेवली नव्हती. हीही हुकली तर पुन्हा कोण बोलावणार, या धास्तीनं घर पहाटेपासून उठून बसलेलं. साडेदहाला संगणक लावला, तर इंटरनेट नाही! भिंतीवरच्या डबीवर लाल दिवा. मला येत होते तेवढे सगळे उपाय मी केले. तीनदा बंद करून चालू केलं, वायरी काढून फुंकर मारली, शेवटी चिडून संगणकाला दोन चापट्याही दिल्या. मग मोबाईलला रेंज मिळावी म्हणून देवळामागच्या खडकावर धावलो आणि इंटरनेट जोडून देणाऱ्या भोरच्या वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, “तीन वाजल्याशिवाय याला जमत न्हाई, सर. लाल दिवा म्हंजी वायरीतनं उजेडच येत न्हाई. आत केसाएवढा काचेचा धागा आस्तो. कुठं उंदरानं चावली, मुडापली का बघा.”

धापा टाकत परत आलो, तर मामा माजघरात मधोमध बसलेले. “ह्ये बी मुकंच जनावर हाय. बोलत्या मान्सांनी सांगा.” बायकोनं जळमटं काढली होती, पण वायरीपासून हातभर लांब. रेवतीनं कपड्यांना इस्त्री केली होती. मी चापट्या कबूल केल्या. “मुक्याला मारता, पाव्हणं?” असं म्हणून मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मिशी काढलेल्या त्या म्हातारबुवांची मला दया आली. साडेअकरा वाजले. रेवतीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, “आजोबा, सगळ्यांना विचारलं. तुमी काय केलं सकाळपासनं?”

मामांनी स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं. हात हळूहळू खिशातल्या गुंड्यावर गेला. “सायेब लोक घर बगनार म्हून...” एवढंच बोलून ते अनवाणी बाहेर पळाले. वळचणीला वायरमननं जादा वायरीचं ऐसपैस वेटोळं लटकवून ठेवलं होतं. त्याची आता वीतभर जुडी झाली होती, तीन जागी करकचून बांधलेली. मामांची गाठ बैलालाही सुटत नाही. बायको विळा घेऊन आली. वायर कापली जाईल म्हणून मी ओरडलो. शेवटी मामांनी तिन्ही गाठी दातांनी सोडवल्या. वायर हळूहळू पसरली आणि आतून रेवती किंचाळली, “हिरवा! दिवा हिरवा झाला!” माझा जीव असा भांड्यात पडला की मी पायरीवरच बसलो. मुलाखत संपेपर्यंत मामा त्या वेटोळ्याखाली काठी घेऊन उभे होते, कोंबडीलाही त्यांनी तिकडे फिरकू दिलं नाही.

नोकरी लागली. रेवती पुण्याला गेली. मामा अजून माझी छत्री बांधतात, पण वळचणीचं वेटोळं वाऱ्यावर हलत असतं, त्याला ते शिवत नाहीत. रोज संध्याकाळी दारात उभे राहून विचारतात, “हिरवा हाय न्हवं?” मी हो म्हणालो की “मग पोरगी हाय,” म्हणून परत जातात. रविवारी ती संगणकावर दिसते, तेव्हा मात्र पडद्यासमोर येऊन बसतात. परवा तिनं केस मोकळे सोडले होते. बटा कपाळावर लोंबत होत्या. मामांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. पण हात तिथूनच मागे आला, आणि ते पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, “ऱ्हाऊ दे, पोरी. मोकळंच ऱ्हाऊ दे.”