कोऱ्या टेस्ट आणि रिलीज नोट्स

नव्वदचं दशक संपत आलेलं, तेव्हा मी खोपटच्या एसटी डेपोमागे एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. राहायला डोंबिवलीत, आईबाबांकडे. आम्ही पतपेढ्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचो आणि ते नीट चालतात का हे तपासायला इंटरनेटवरून उतरवलेली एक फुकट टेस्टिंग लायब्ररी वापरायचो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. आपण टेस्ट लिहायच्या, ती त्या चालवून बघणार. पास तर हिरवी ओळ, नापास तर लाल. तिचा कोड कुणीही वाचावा, दुरुस्त करावा, दुरुस्ती परत पाठवावी, असा मामला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आणि त्याचे तुला काय देणार?" काहीच नाही म्हटल्यावर तिने विषयच सोडून दिला.

ही लायब्ररी सांभाळणारा माणूस युरोपातल्या कुठल्याशा गावात राहायचा. मी त्याला कधी पाहिलं नाही. इंग्रजीतल्या 'यू'वरून तो माझ्याएवढा की बाबांच्या वयाचा, तेही कळेना. वापरता वापरता माझ्या लक्षात आलेलं की ज्या टेस्टमध्ये काही तपासलेलंच नाही, तीही हिरवी दिसते. कोरी उत्तरपत्रिका दिली तरी पोरगं पास! मी दुरुस्ती करून पाठवली : अशी टेस्ट नापास धरावी. त्याने ती घेतली आणि उलट टपाली विचारलं, "नवी आवृत्ती काढतोय. या वेळच्या रिलीज नोट्स तू लिहिशील का?"

रिलीज नोट्स म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं ते सांगणारं पान. ते पान मी आजवर न वाचताच पुढे जायचे. ते कुणी बसून लिहीत असेल असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. इंग्रजीत सभ्यपणे नाही कसं म्हणायचं ते सुचेना, म्हणून हो म्हटलं.

चांगली दोन पानं लिहिली. कुठल्या फाइलमध्ये काय बदललं, सगळं. त्याचं उत्तर आलं, "छान आहे. पण मी ही लायब्ररी वापरत असेन, तर सोमवारी सकाळी माझं काय होईल?"

हे कौतुक की कानउघाडणी? माझ्या शेजारी बसायची ती मुलगी चेंदणी कोळीवाड्यातली, बोलायला एकदम सडेतोड. तिला मेल दाखवली.

"सोमवारी काय होणार? सुट्टी संपणार," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून जवळ आली. "चल ना, आपल्यावरच घालून बघू."

तिने नवी आवृत्ती आमच्या मशीनवर चढवली आणि टेस्ट चालवल्या.

"अगं बाय! काल तर सगळं हिरवंगार होतं. आज काय हे लालेलाल?"

तिचा आवाज ऐकून साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांनी स्क्रीन पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "काय मोडलंस?"

"मी काही मोडलं नाही, सर. या टेस्ट आधीपासूनच कोऱ्या होत्या. आता त्या दिसायला लागल्या."

"मग हे चांगलं झालं की वाईट?"

आम्ही दोघी एकेक लाल टेस्ट उघडून बघत बसलो. काही खरंच कोऱ्या होत्या. नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी नुसतं नाव घालून ठेवलेल्या. त्यातल्या एकीत तपासणी लिहून पाहिली, तर व्याजाचा हिशोब खरंच चुकत होता. तेव्हा मला वाटलं, जिंकले. पण पुढच्या काही टेस्ट वेगळ्या निघाल्या. त्या प्रोग्रॅम फक्त चालवून बघायच्या. मध्येच बंद पडला नाही म्हणजे झालं. त्यांना तपासायचं होतं तेवढंच. त्या कोऱ्या नव्हत्याच, आणि माझ्या दुरुस्तीने त्याही नापास झालेल्या. म्हणजे दुरुस्ती बरोबर की चूक? दुपारचा डबा समोर तसाच राहिला.

शेवटी लायब्ररीवाल्याला सगळं लिहून कळवलं. बदल मागे घे, असंही म्हटलं. त्याने लिहिलं, "बदल राहू दे. तू मला सांगितलंस तेच नोट्समध्ये लिही. खात्री नाही, हेसुद्धा."

हे साहेबांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. "अगं, औषधाच्या बाटलीवर कुणी लिहितं का, गुण येईल की नाही आम्हाला नक्की माहीत नाही?"

त्यांचंही पटलं. त्याचंही पटत होतं. तीनदा लिहून तीनदा खोडलं. अखेर ती आधीची दोन पानं बाजूला ठेवली आणि नव्या पानावर साध्या इंग्रजीत लिहिलं : या आवृत्तीनंतर तुमच्या काही पास होणाऱ्या टेस्ट नापास होतील. त्यातल्या काही खरंच कोऱ्या असतील. काहींवर आमच्याकडून अन्याय झालेला असेल. कुठल्या कुठल्या, ते तुम्हालाच उघडून बघावं लागेल.

त्याने एक अक्षर बदललं नाही. खाली माझं नाव घातलं.

आठवड्याभरात अनोळखी लोकांच्या मेल यायला लागल्या. एकाने लिहिलं, आधीच सांगितलंत म्हणून आम्ही वाचलो. दुसऱ्याने लिहिलं, खात्री नव्हती तर ही आवृत्ती काढलीत कशाला? मला दोघांचंही खरं वाटत होतं. दोन्ही मेल शेजारचीला दाखवल्या.

"दोघांना थँक्यू लिही आणि जेवायला चल," शेजारची म्हणाली. मी तसंच केलं.

पुढच्या आवृत्तीत त्याने कोरी टेस्ट नापास धरायची की नाही, हे ज्याचं त्याच्यावर सोपवलं. त्या नोट्स त्याने स्वतःच लिहिल्या, तीन ओळींत. माझा बदल ठेवला की काढला, ते मला दोनदा वाचूनही कळेना. शेवटी त्यालाच विचारलं.

"दोन्ही," त्याने लिहिलं. आणि खाली, "पुढच्या वेळी नोट्स परत तू लिहिशील का?"