न पिल्याचा दिवस

परंड्याजवळच्या खेड्यात राहणाऱ्या गिरिजाबाईचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. लेकीला, शिवांजलीला, बघायला पाहुणे यायचे होते. "आजचा दिवस तरी पिऊ नका," असं तिनं नवऱ्याला हात जोडून सांगितलं होतं. शांतलिंगनं शब्द पाळला, पण त्यामुळंच त्याचे हात लटलट कापत होते. चहाचा कप उचलला आणि निम्मा चहा पायजम्यावर सांडला. पाहुणे एकमेकांकडं बघू लागले.

शिवांजलीनं पुढं होऊन कप धरला. "आप्पा रोज पितात. आज माझ्यासाठी पिले न्हाईत," ती म्हणाली.

पाहुणे होकार न देताच गेले. शांतलिंग भिंतीला टेकून रडला, मग म्हणाला, "गिरिजा, दारू सोडवायला मला दवाखान्यात ने."

तिनं त्याचं मनगट धरून त्याला एसटीत बसवलं. प्रत्येक थांब्यावर तिची पकड घट्ट होत होती.